ओळंब्याच्या खोलीतले वाकडे पाव

ही गोष्ट ओळंबा स्वतःच सांगतो, आणि दर वेळी स्वतःला थोडं जास्तच मूर्ख करून सांगतो. ऐकणारे म्हणतात, पुरे आता, माणूस एवढा मूर्ख नसतो. त्यावर तो म्हणतो, "तुम्ही मला पुरते ओळखत नाही."

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ चढते आहे की कलते आहे, ते गवंडी त्यावरून बघतो. हा माणूस जन्मभर गवंडी, आणि कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी एक डोळा मिटून भिंतीकडे बघणार. "चौकट बाहेर गेलीय तुमची," म्हणजे कललीय, असं यजमानाला सांगणार, आणि मग पाणी पिणार. म्हणून लोकांनी त्याचं नाव ओळंबा ठेवलं. लग्नातल्या फोटोतसुद्धा तो नवरीकडे बघत नाही, तिच्या मागच्या खांबाकडे बघतोय, असं त्याची बायको अजून ऐकवते. खांब वाकडा होता, हे तो अजून ऐकवतो.

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू आला, खांदा वर उचलेना, तेव्हा कामं सुटली. माणूस घरात बसला, आणि घरातल्या सगळ्यांची पाचावर धारण बसली. रिकामा गवंडी म्हणजे काय चीज असते, ते ज्याच्या घरात असतो त्यालाच कळतं.

नेमकी त्याच सुमाराला सूनबाईने स्वतःची बेकरी काढली. इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळत होती. नवरा लांबच्या ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. घराच्या मागच्या बाजूला विटांची भट्टी बांधली गेली, ती अर्थात सासऱ्याच्या देखरेखीखाली. आता राहिलं होतं ते पीठ फुगवायचं ठिकाण. मळलेलं पीठ लांबट डब्यांत घालून उबेत ठेवावं लागतं, ते फुगून डब्याच्या वर आलं की मगच भट्टीत जातं. ऊब सगळीकडे सारखी हवी. सूनबाईने एक जुनं पत्र्याचं कपाट बघून ठेवलं होतं, आत छोटा पंखा असलेलं.

"कपाट?" ओळंबा म्हणाला. "पत्र्याची पेटी ती. अगं, भट्टीची ऊब फुकट वाया चाललीय आणि तू विजेवर ऊब विकत घेणार? भट्टीला लागून एक खोली काढतो. भट्टीची भिंत तीच खोलीची भिंत. चारी बाजू बंद. आत वारा नाही, धूळ नाही. ऊब बसून राहील, उबवणीवर कोंबडी बसते तशी."

"बाबा, पण पंखा नको का? हवा फिरायला?"

"बंद खोलीत हवा कुठे फिरायला जाते? तिला काय बाजारहाट करायचाय?"

हे वाक्य तो अजून स्वतःच सांगतो, आणि सांगताना कपाळावर हात मारून घेतो.

खोली झाली. खांद्याने कुरकुर केली, तरी प्रत्येक वीट त्याने स्वतः लावली. एका बाजूला भट्टीची जाड भिंत. समोर बाहेरची भिंत, मावळतीकडे तोंड केलेली, अर्ध्या विटेच्या जाडीची, कारण विटा संपत आल्या होत्या. त्या भिंतीच्या कोपऱ्यालगत दार, दाराखाली बोटभर फट, दाराच्या वर एक झरोका. मधे लोखंडी मांडणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काम संपल्यावर त्याने वरून ओळंबा सोडला. दोरी भिंतीला अशी चिकटून राहिली, जशी काही भिंतीतूनच उगवली होती. ही आपली शेवटची भिंत, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांत सरळही हीच, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं.

आणि त्या खोलीतून पाव निघाले ते वाकडे.

जरासे नव्हे. भट्टीच्या बाजूचे सगळे पाव भट्टीकडे झुकलेले, आणि पलीकडच्या टोकाचे ठेंगणे, जेवणाच्या ताटावरून उठवलेल्या पोरांसारखे रुसून बसलेले. शेजारचा नळवाला पाव घ्यायला आला. तो आणि ओळंबा म्हणजे जुने वैरी आणि जुने मित्र, एकाने भिंत बांधायची आणि दुसऱ्याने ती फोडून नळ घालायचा, अशी त्यांची जन्माची भागीदारी. त्याने पाव हातात धरला, एक डोळा मिटला.

"ओळंब्या," तो म्हणाला, "तुझा पाव बाहेर गेलाय रे."

त्यानंतर गल्लीत कुणी पाव नेला की एक डोळा मिटायचा. लहान पोरंसुद्धा.

हसण्यावारी नेता आलं असतं, पण मधे कॅन्टीन आलं. जवळच्या इस्पितळाचं कॅन्टीन चालवणाऱ्या बाई रोजचा पाव घ्यायला तयार झाल्या होत्या. बाई बोलायला कोरड्या, पण सरळ. त्यांच्याकडे काप करायचं यंत्र होतं, आणि वाकडा पाव त्या यंत्रात अडकून फाटत होता.

"चव चांगली आहे," त्या सूनबाईला म्हणाल्या. "पण मी चव कापू शकत नाही. शनिवारी येते. सकाळची खेप बघेन, दुपारची बघेन. सरळ असतील तर रोजचे तुमचे. नसतील तर राग मानू नका, मला दुसरीकडे जावं लागेल."

बाई गेल्या. सूनबाई पिठाचे हात पुसत उभी राहिली. ती सासऱ्याला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कॅन्टीन गेलं तर भट्टी विझवायची आणि पुन्हा त्या दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळायला जायचं, हे तिला कळत होतं आणि त्यालाही.

"भिंतीचा दोष नाही," ओळंबा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"मी कुठे म्हटलं, बाबा?"

"तरी सांगून ठेवतो."

मग त्याने तपास सुरू केला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. पण हा गवंडी, त्यामुळे याने खरोखरच अंगणापासून सुरुवात केली. पाणी भरलेली पातळीची नळी लावून फरशी बघितली. फरशी सपाट. मांडणी बघितली. एक पाय केसभर आखूड निघाला, तेव्हा त्याला एवढा आनंद झाला की त्याने बायकोला हाक मारून तो पाय दाखवला. पायाखाली पत्र्याची चकती सरकवली. पाव वाकडेच. मग डबे वाकडे असतील, म्हणून डबे ठोकले. ठोकल्यावर ते खरंच वाकडे झाले, ते पुन्हा सरळ करण्यात एक सकाळ गेली. मग पिठाला बोल लावला. मग बायकोला.

"तू डब्यांना तेल एका बाजूला जास्त लावतेस."

बायको दाराबाहेरच्या बोळात बुटक्या स्टुलावर बसून रोज डब्यांना तेल लावायची. तिने मान वर केली नाही. "तुमच्या डोक्याला थोडं लावू का? कुठे तरी अडकलंय ते."

शेवटी त्याने असा उपाय काढला की स्वतःवरच खूश झाला. पाव भट्टीकडे झुकतात ना? मग मांडणीचे भट्टीकडचे पाय उचलायचे! मांडणीच उलटी कलती केली की पाव सरळ. जन्मभर लोकांच्या कलत्या चौकटींना नावं ठेवणाऱ्या माणसाने दार लावून, कुणी बघत नाही याची खात्री करून, पाचरी ठोकून मांडणी मुद्दाम तिरकी केली. पाप करताना सुद्धा त्याने पातळीची नळी वापरली.

सकाळची खेप आली. भट्टीकडचे पाव सरळ! ओळंबा गल्लीतून एक फेरी मारून आला. नळवाल्याच्या दारासमोरून तर दोनदा.

दुपारची खेप आली आणि तिने याचं नाक कापून हातात दिलं. दुपारी भट्टीकडचे पाव ठेंगणे राहिले, आणि बाहेरच्या भिंतीकडचे झुकले ते थेट बाहेरच्या भिंतीकडे, आणि पाचरींमुळे दुप्पट. एक तर डब्यातून अर्धा बाहेर येऊन खाली डोकावत होता, गच्चीवरून भांडण बघणाऱ्या शेजारणीसारखा.

"म्हणजे सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे?" सूनबाई म्हणाली. "आधीही असंच व्हायचं का? दुपारचे पाव आपण नीट बघितलेच नाहीत. ते टपरीवर जातात, तिथे कोण बघतंय."

"परवा दुपारी मात्र इकडेच होते," बायको बोळातून म्हणाली. "भट्टीकडे. मी बघितले."

"परवा का?" ओळंबा खेकसला. "पाव काय पंचांग बघून झुकतात?"

सूनबाईने पाचरी काढल्या, आणि खूप मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, ते कपाट अजून गेलं नाहीये. मी विचारून आले. पण ते ठेवायला ही एक भिंत पाडावी लागेल."

ओळंब्याने काढलेल्या पाचरी उचलल्या. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टरने त्याची सिगारेट बंद केली होती, आणि बायकोने डॉक्टरच्या वर चौकीदारी ठेवली होती. पण गवंड्याच्या डोक्याला धुराशिवाय चालना मिळत नाही, असं त्याचं मत. मांडणी रिकामी असली की तो "भिंत तपासतो" म्हणून खोलीत जायचा, दाराजवळच्या कोपऱ्यात पालथ्या खोक्यावर बसायचा आणि एक ओढायचा. पाव आत असताना कधीच नाही, तेवढं इमान त्याने राखलं होतं. धूर वर सोडायचा. धूर वर जातो, झरोक्यातून निघतो, बोळात बसलेल्या बायकोच्या डोक्यावरून जातो. कित्येक महिने हे बिनबोभाट चाललं होतं. आपल्या हुशारीचं त्याला मनातून फार कौतुक होतं.

तर त्या दिवशी तो भिंतीकडे बघत बसला. पाडायची म्हणे. त्याने पेटवली. दुपार कलली होती. पहिलाच झुरका सोडला आणि बाहेरून बायकोचा आवाज आला.

"आज वरून येतोय."

ओळंबा दगड झाला. मग सावकाश म्हणाला, "काय वरून येतोय?"

"धूर. दुसरं काय येणार तुमच्याकडून?"

"कसला धूर? इथे धूरबीर काही नाही. भट्टीचा असेल."

"भट्टी सिगारेट ओढायला लागली का आता?"

त्याने खोक्याखाली सिगारेट चिरडली, हाताने हवा झटकली आणि दार उघडलं. बायको डब्याला तेल लावत होती.

"तुला केव्हापासून...?"

"खोली झाली त्या दिवसापासून. कोंबडं झाकलं म्हणून आरवायचं राहतं का? सकाळी दाराखालून येतो, माझ्या पायांवर. थंडगार. पायांना धूर लागतो अशी बाई तुम्ही कुठे बघितलीय का? आणि दुपारी झरोक्यातून जातो, डोक्यावरून. मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याला एवढंच सुख राहिलंय. स्वतःहून कधी तरी सांगतील म्हणून वाट बघत होते."

दुसरा कुणी नवरा असता तर इथे खाली मान घालून गप्प बसला असता. ओळंब्याचे डोळे मोठे झाले.

"सकाळी खालून?"

"हो."

"रोज सकाळी?"

"अहो, लाज वाटायची सोडून हे काय विचारताय?"

"आणि दुपारी वरून. रोज?"

"ऊन असलं की वरून." तिने डबा खाली ठेवला. "परवा ढग होते. परवा दुपारीसुद्धा खालूनच आला."

"परवा!" ओळंबा ओरडला. "परवाचे पाव कुठे झुकले होते?"

"भट्टीकडे," ती म्हणाली, आणि तिच्याही तोंडाचा आ झाला.

"सूनबाई!" त्याने हाक मारली. "अगं पोरी, इकडे ये! मी चोरून सिगारेट ओढतो!"

सूनबाई पिठाच्या हातांनी धावत आली. सासऱ्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद तिने बेकरीच्या पहिल्या दिवसानंतर बघितला नव्हता. तिला वाटलं, उष्णतेने डोकं फिरलं.

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली.

"तुलाही?"

"नळवाल्या काकांनाही माहीत आहे."

ओळंबा जरा खचला, पण वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, पीठ आत जायच्या आधी, तिघं त्या खोलीत दार लावून उभी राहिली. भट्टी ऐन भरात होती. ओळंब्याने बायकोच्या समोर, सुनेच्या समोर, उजळ माथ्याने सिगारेट पेटवली आणि भट्टीच्या भिंतीशी धरली.

धूर भिंतीला धरून वर चढला, शिडी लावल्यासारखा. छताशी पोचला. तिथे झरोक्याची वाट न बघता छताखालून आडवा सरकत बाहेरच्या भिंतीकडे गेला. ती भिंत सकाळची गार. तिला टेकल्यावर धूर जड झाला आणि तिच्या अंगावरून खाली उतरला. थोडा दाराखालच्या फटीतून बाहेर पडला, आणि उरलेला फरशीवरून सरपटत, तिघांच्या पायांतून, परत भट्टीच्या भिंतीपाशी आला. आणि पुन्हा वर.

"ही हवा बघ," बायको म्हणाली, "रहाटासारखी फिरतेय."

बंद खोली. वारा नाही, पंखा नाही. आणि हवा आपली गरागरा फिरत होती, जत्रेतल्या पाळण्यासारखी. गरम भिंतीने उचलायची आणि गार भिंतीने खाली सोडायची, एवढंच. चढत्या गरम हवेच्या झोतात जी बाजू सापडेल तिच्यावर पिठाची कातडी वाळायची. वाळलेली बाजू ताणून धरायची, दुसरी फुगत राहायची, आणि पाव झोताकडे वाकायचा. पलीकडच्या टोकाला गार हवा डोक्यावर उतरायची, तिथले पाव थंडीत बसून ठेंगणे.

दुपारी पुन्हा बघितलं. आता भट्टी मंद होती, आणि मावळतीच्या उन्हाने बाहेरची अर्ध्या विटेची भिंत तापून हात लावू देत नव्हती. पाळणा उलटा फिरत होता. बाहेरच्या भिंतीवरून वर, छताखालून भट्टीकडे, भट्टीच्या भिंतीवरून खाली. ढगांच्या दिवशी ती भिंत तापत नाही, म्हणून पाळणा दिवसभर सकाळसारखाच फिरतो.

"हवेला बाजारहाट करायचा असतो म्हणायचा," सूनबाई हळूच म्हणाली.

"बोल, बोल," ओळंबा म्हणाला. "मी उभ्या भिंतीची रेघ बघत राहिलो, आणि तिच्या अंगावरून काय चाललंय ते बघितलंच नाही. भिंत सरळ आहे गं. चोरही सरळच चालतो."

आता पाळणा थांबवायचा कसा? भट्टी गार ठेवता येत नाही, सूर्याला निरोप धाडता येत नाही. बायको म्हणाली, "वाट अडवता येत नाही तर तिला बाजूने जाऊ द्या. माणसं बोळातून जातात, आपण घरात बसतो." आधी याने हुं केलं, आणि मग तेच स्वतःचं म्हणून सुनेला समजावून सांगितलं. दोन्ही भिंतींच्या पुढे, हातभर अंतर सोडून, कापडाचे पडदे टांगायचे, छताशी आणि फरशीशी फट ठेवून. फिरणारी हवा पडद्यांच्या मागून जाईल येईल, मधे मांडणीला नुसती निवांत ऊब. मांडणी दोन्ही टोकांना कापून आखूड करायची. आणि बाहेरच्या भिंतीला उन्हाआड करायला ताडपत्री.

मांडणी कापायला नळवाला आला, करवत घेऊन. त्याला सगळी हकीकत सांगावी लागली. तो हसत हसत खोक्यावरच बसला, त्याच खोक्यावर, आणि म्हणाला, "सगळ्या जन्मात तुझी एक भिंत मी फोडली नाही, तर तिला तूच लुगडं नेसवतोयस."

लुगडं नव्हे, जुनी चादर होती. मोठ्या मोठ्या निळ्या फुलांची. आपल्या सगळ्यांत सरळ भिंतीच्या वरच्या भागात, चादर हातभर पुढे धरणाऱ्या पट्ट्यांसाठी, ओळंब्याने स्वतः खिळे ठोकले, आणि दर खिळ्याला तोंड असं केलं जसं काही तो आपल्याच पायात ठोकतोय. चादर जराशी तिरकी लागली. या वेळी त्याने डोळा मिटला नाही.

शुक्रवारच्या दोन्ही खेपा बऱ्या आल्या. थोडी खोट राहिली होती, ती सूनबाईने, कातडी वाळू नये म्हणून, पाण्याचं पसरट भांडं मधे ठेवून घालवली.

आणि शनिवारी ओळंब्याने पुन्हा माती खाल्ली.

त्याचं मन मानत नव्हतं. चादरीमागे ती भिंत झाकलेली, बिचारी. खरंच तिचाच दोष होता का? की शुक्रवारी पीठच चांगलं होतं? शनिवारी दुपारची खेप आत गेल्यावर त्याने कुणाला न सांगता एक डबा उचलला आणि चादरीमागे, बाहेरच्या भिंतीला लागून, एका विटेवर ठेवून दिला. ताडपत्रीचा त्या बाजूचा कोपराही जरा वर गुंडाळला, भिंतीला न्याय मिळावा म्हणून. आणि वाट बघत बसला. भट्टीत घालायच्या वेळी सूनबाईने मोजून डबा कमी आहे म्हटल्यावर मुकाट्याने आणून तिच्या हातात दिला. घाईत तिने तो तसाच आत ढकलला.

कॅन्टीनच्या बाई आल्या. सकाळची खेप त्यांनी आधीच बघितली होती, आणि पसंतीने मान डोलावली होती. आता दुपारची भट्टीतून निघाली. पाव टेबलावर ओळीने मांडले. सूनबाईने फडक्याला हात पुसले आणि ते पुसतच राहिली. बायको दाराशी. बाईंनी ओळीवरून नजर फिरवली, हात पुढे केला आणि नेमका तोच उचलला.

तो झुकला होता. असा झुकला होता की टेबलावर ठेवला तर कुशीवर लोळायचा.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "म्हणजे परत तेच."

सूनबाईचा चेहरा पिठासारखा झाला. "कसं झालं... बाकीचे बघा ना, बाई, बाकीचे..."

"बाकीचे सरळ आहेत, दिसतंय. पण दहातला एक अडकला तरी माझं यंत्र बंद पडतं. तो कोणता निघेल याचा भरवसा कोण देणार?"

ओळंब्याला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. पीठ, डबा, भट्टी, काहीही पुढे करता आलं असतं. या बाबतीत त्याचा हात कुणी धरला नसता.

"तो पाव माझा आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मीच त्याला पडद्यामागे ठेवला होता. भिंतीजवळ. मला बघायचं होतं, भिंत खरंच गुन्हेगार आहे का. आहे. मी बांधलीय. सूनबाईने पंखा सांगितला होता, मी म्हटलं बंद खोलीत हवा फिरत नाही. या, दाखवतो."

आणि तो बाईंना खोलीत घेऊन गेला, निळ्या फुलांची चादर बाजूला केली आणि तापलेल्या भिंतीवर बाईंचा हात ठेवला. मग पडद्याच्या आत, मांडणीवर. मग पुन्हा भिंतीवर. सगळं सांगितलं. पाचरी, ठोकलेले डबे, दाराखालून बायकोच्या पायांवर जाणारा धूर. कोरड्या बाईंच्या तोंडाला आधी कोपऱ्यात घडी पडली. पायांवरच्या धुरापाशी त्या हसू दाबायला भिंतीकडे वळल्या, आणि भिंत चटका देणारी, म्हणून परत वळल्या.

"म्हणजे पडद्याच्या आतला एकही वाकडा नाही?"

"एकही नाही. वाकडा फक्त मी ठेवलेला."

बाहेर येऊन त्यांनी एकेक पाव उचलून बघितला. सगळे. वेळ लागला. मग बाई म्हणाल्या, "सोमवारपासून पाठवा. दोन्ही खेपा." आणि दाराशी थांबून, "पण या बाबांना पीठ आत असताना खोलीत सोडू नका."

"नाही सोडणार," सासू आणि सून एकदमच म्हणाल्या.

तेव्हापासून तो नियम आहे. पीठ आत असताना ओळंब्याने बोळात बसायचं, बुटक्या स्टुलावर, आणि डब्यांना तेल लावायचं. तो लावतो. चारी बाजूंना सारखं. सकाळी खोली रिकामी असताना मात्र त्याला आत बोलावतात, कारण पडदे नीट आहेत का, हवा कुठून जातेय, हे धुरानेच कळतं. पहिल्या सोमवारी तो मोठ्या ऐटीत खिशाकडे हात नेत उठला होता. बायकोने त्याच्या पुढे काडीला गुंडाळलेली ओली चिंधी धरली.

"धूरच हवाय ना?" ती म्हणाली. "हा घ्या. छातीला लागत नाही."

चिंधीचा धूर फार वाईट असतो. डोळ्यांतून पाणी येतं, खोकला सुटतो. ओळंबा ती भट्टीच्या भिंतीशी धरून उभा राहतो, आणि धूर वर जातो, छताखालून सरकतो, निळ्या चादरीमागे उतरतो. चादर तिरकी आहे. रोज त्याला ती दिसते. एकदा त्याने सरळ करायला हात घातलाही होता, तेवढ्यात बोळातून आवाज आला, "अहो! चादरीला हात लावू नका!" दाराखालच्या फटीतून चादरीजवळ आलेल्या त्याच्या चपला तिला दिसतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.